साडीच्या पन्ह्याएवढा पडदा

हिलालचा टेम्पो नवापूरहून अंडी घेऊन येतो आणि दर मंगळवारी कोरीटच्या दुकानांना माल टाकून पुढे जातो. त्या मंगळवारी तो दुकानांपुढे थांबलाच नाही. थेट आमच्या गल्लीत घुसला, पितांबर शिंप्याच्या ओट्याला टेम्पो लावला आणि अंड्यांच्या ट्रेच्या दोन थप्प्यांमधून गोधडीत गुंडाळलेलं एक लांबच लांब खोकं ओढायला लागला.

"हेमकांतनी सुरतहून धाडेल शे," तो म्हणाला. "माले म्हने, अंडा फुटनात तरी चाली, पन हाई फुटनं ते तू गावमा येऊ नको."

"शे काय ते?" पितांबरनं विचारलं. सत्तरीचा माणूस, गळ्यात टेप, खिशात खडू. पन्नास वर्षं गावाचे कपडे शिवतोय. गल्लीत सगळे त्याला आबा म्हणतात.

"टीव्ही व्हई. पन इतला लांब टीव्ही मी देखेल नही. धाकलं पोर आडवं झोपाडी द्या त्यान्हावर."

तेवढ्यात दीपमाला पिठाचे हात पदराला पुसत बाहेर आली. खोक्याकडं पाहिलं नि तिचं तोंड असं फुललं, की आत चुलीवर भाकर जळतेय हेही तिला कळलं नाही. "टीव्ही नही शे ते," ती म्हणाली. "मॉनिटर शे. मन्हा शे."

दीपमाला म्हणजे पितांबरची सून, हेमकांतची बायको. माहेर लोणखेड्याचं. बारावी झाली, लगीन झालं आणि नवऱ्याबरोबर सुरतला गेली. हेमकांत तिथं भरतकामाच्या कारखान्यात मशीन चालवायचा. ती खोलीवर बसून धागे कापायची. मशीनवरून उतरलेल्या साड्यांचे गठ्ठे यायचे आणि उलट्या बाजूला लोंबणारे धागे छोट्या कातरीनं कापून द्यायचे, हे काम. बाकीच्या बाया साडी सुलटी करून 'कितली गोड शे' म्हणायच्या. ही मात्र उलटी बाजूच बघत बसायची. टाका कुठून निघाला, कुठं वळला, कुठं उडी मारून दुसऱ्या फुलात गेला, हे सगळं मागं दिसतं. तीन वर्षांत तिनं साडीच्या पाठीवरून मशीनचं डोकं वाचायला शिकून घेतलं. मग गठ्ठा न्यायला कारखान्यात गेली, की कॉम्प्युटरवर नक्षी काढणाऱ्याच्या मागं उभी राहायची. त्या कामाला पंचिंग म्हणतात. कागदावरच्या नक्षीला टाक्यांची वाट आखून द्यायची. फाईल मशीनला दिली, की मशीन त्याच वाटेनं चालतं. तो माणूस जेवायला उठला, की ही माऊस धरायची. तो ओरडायचा. मग ओरडायचा थांबला, कारण हिचं काम त्याच्यापेक्षा साफ निघायला लागलं.

सासूचं, कौसाबाईचं, मांडीचं हाड मोडलं तेव्हा ती कोरीटला परत आली आणि इथलीच झाली. हेमकांत सुरतला, ती नि दोन्ही पोरं इथं. शहाद्याच्या बंद पडलेल्या क्लासातला एक जुना कॉम्प्युटर घेतला होता. त्याला पंधरा इंची पडदा. त्यावर ती छोटी छोटी कामं करायची. ब्लाउजची बाही, कोपऱ्यातलं फूल. मोठं काम त्या पडद्यावर होत नव्हतं. अख्खा पदर बघायचा तर तुकड्या तुकड्यानं सरकवायचा. एक टोक दिसलं की दुसरं गेलं. दाराच्या फटीतून लगीन बघितल्यासारखं.

आणि नेमकं आता मोठं काम समोर आलं होतं. हेमकांतचे मालक परवेजभाई मूळचे नंदुरबारचे. तीस वर्षं सुरतला राहून बोलणं अजून इथलंच. त्यांनी नवं मोठ्या फ्रेमचं मशीन आणलं. साडीचा सगळा पन्हा, म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंतची रुंदी, एका दमात भरणारं. त्यांनी दीपमालाला फोन करून सांगितलं होतं, "भाभी, दोन सॅम्पल तुमले देस. जमनं ते लगीनसराईनं समदं पंचिंग तुमनं. नही जमनं ते आठे सुरतमाच उधनाना एक पोऱ्या बठेलच शे. मंग माले वाईट म्हनू नका."

सॅम्पल म्हणजे सात मोरांचा पदर. तो जमला तर ती पंचिंगवाली. नाही जमला तर पिको-फॉल आणि दुसऱ्यांच्या ब्लाउजची हुकं. तिला हे लख्ख माहीत होतं. आणि हेमकांतलाही माहीत होतं. म्हणून तर त्याच्या खोलीखालचा पोरांचा गेम खेळायचा गाळा बंद पडला नि तिथला मालक सामान विकायला लागला, तेव्हा त्यानं सगळ्यात मोठा मॉनिटर उचलला, नवापूरपर्यंत पोचवला आणि हिलालच्या अंड्यांमधे घालून धाडला.

आता तो ठेवायचा कुठं? घरात एवढं लांब एकच टेबल. आबांचं कापणीचं. सागाचं, कातरीच्या चऱ्यांनी भरलेलं, खडूनं पांढरं झालेलं. त्यावर आबांनी कुणाला चहाचा कप ठेवू दिला नव्हता.

"आबा," दीपमाला म्हणाली, "आरधा टेबल द्या."

आबांनी खोक्याकडं पाहिलं, टेबलाकडं पाहिलं. "भिंतीकडनं आरधं तुन्हं," ते म्हणाले. "मन्ही कातर तुन्हा काचकडे येवाव नही. तुन्ही वायर मन्हा कपडामा येवाव नही. बोल."

"कबूल."

मॉनिटर उभा केला तर तो सरळ नव्हता, धनुष्यासारखा आत वाकलेला. हिलालला वाटलं, आपल्या टेम्पोतच वाकला. तो हळूच पाय मागं घ्यायला लागला तेव्हा दीपमालानं सांगितलं, की असाच असतो. बटण दाबलं. पाठीमागचे दिवे पेटले आणि मागची भिंत लाल, हिरवी, निळी व्हायला लागली.

"हाई भिंत का बरं नाची ऱ्हायनी?" कौसाबाई खाटेवरून म्हणाली. "देव बसाडेल शे का तठे?"

आणि पडद्याच्या बरोब्बर मधोमध एक लाल अधिकचं चिन्ह. काही उघडा, काही मिटा, ते जागचं हलेना. दीपमालानं बटणं दाबून पाहिली. हिलालनं पोरांना खेळताना पाहिलेलं होतं. तो म्हणाला, "बंदूकना नेम शे तो. पोरे गोई मारतस ना, त्यासना करता."

आबा जवळ आले, डोळे बारीक करून पाहिलं. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "मधली खूण शे ती. मी खडूतीन करस, तुले आयती भेटनी."

मग त्यांनी गळ्यातला टेप काढला. नवी वस्तू घरात आली, की आधी मोजायची, ही त्यांची सवयच. टेप काचेला लावला, वाकाबरोबर वाकवत या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. "सत्तेचाळीस," ते म्हणाले. मग खुंटीवरची साडी ओढली, पन्हा मोजला. "पंचेचाळीस."

दीपमालानं साडी काचेला लावून पाहिली.

"आबा," दीपमालाचा आवाज फाटला, "आख्खी साडी मावस हाईमा. आख्खी. जशीनी तशी."

"दोन इंच उरतस," आबा म्हणाले. "शिलाईले."

दुसऱ्या दिवसापासून ती त्या पडद्यापुढं बसली, ती उठेचना. परवेजभाईंनी मोरांच्या कागदाचा फोटो धाडला होता. पडद्यावर त्यातले मोर जरा आडवे पसरलेले दिसत होते. फोटो तिरका काढला असेल असं तिला वाटलं. म्हणून तो बाजूला ठेवून तिनं काचेवर आपल्या हातानं मोर काढले. भरल्या अंगाचे, मान ताणलेले, डौलदार. एका ओळीत सात, सगळे उजवीकडं चाललेले. मान न हलवता डावीकडचा मोर दिसतोय, उजवीकडचाही दिसतोय, हे सुख तिला नवीन होतं. ती मधेच उठून चार पावलं मागं जायची आणि लांबून बघायची. लग्नात बाई पदर सोडून पुढं चाललीय, तसा तो पदर काचेवर पसरलेला.

गल्लीतल्या बाया येऊन बसायला लागल्या. दगूबाई रोज येऊन मोर मोजून जायची. आबा तर कापणी सोडून दर तासाला टेप लावायचे. "हाऊ मोर पाच इंच लांब, पाच इंच उंच. बराबर. हाऊ पाचले एक दोरा कमी शे, वाढाव."

एकदा दीपमाला थबकली. सॉफ्टवेअरच्या कोपऱ्यात बारीक आकडा असतो. "आबा, आठे मोर पंच्याऐंशी मिलिमीटर दिसस. ते ते साडेतीन इंचबी भरत नही."

आबांनी चष्म्यावरून पाहिलं. "पन्नास वरीस मी टेपवर कपडा शिवनू. कोनी पँट आखूड व्हयनी? सांग."

"कोनीच नही."

"मंग? आकडा कोनबी लिखस. टेप मोजस."

काचेवर टेप पाच इंच दाखवत होता. डोळ्यांना पाच दिसत होते. ती टेपाच्या बाजूनं गेली.

संध्याकाळी हेमकांतचा व्हिडिओ कॉल यायचा. दीपमालानं तो मोठ्या पडद्यावर लावून दिला. कौसाबाई खाटेवरून उठून बसली. लेकाचं तोंड परातीएवढं, गाल कसे टम्म. "सुरतनं पानी मानवनं मन्हा पोरले," ती सगळ्यांना सांगत सुटली. "मी उगाच जीव जाळू." त्या खेपेला हिलालबरोबर जायचे मेथीचे लाडू तिनं डब्यात भरलेच नाहीत. पोरगा आधीच इतका भरलाय, आणखी तूप कशाला.

चौथ्या दिवशी फाईल गेली. त्या दिवशी मोठ्या मशीनवर दुसराच गडी होता. त्यानं माप बघितलं नाही. कापड ताणलं नि बटण दाबलं.

परवेजभाईंचा फोन आला तेव्हा दीपमाला पाणी भरत होती.

"भाभी, मोरसले उपाशी ठेयेल व्हतं का?"

"काय व्हयनं परवेजभाई?"

"मोर शेतस का उभा कारला शेतस, माले समजेना. नि साडीना तिसरा भाग उघडा. नक्षी आरधा रस्तामाच सरी गई. हाई साडी नेसनारीनी काय बाकीनं आंग झाकानं नही का?" मग आवाज खाली आला, तो जास्त वाईट. "एक सॅम्पल गयं. परवादिन दुपारले दोन ते पाच मशीन रिकामं शे, मंग मोठा लॉट चढी. एक वाजाले फाईल भेटनी ते भेटनी. नही ते मी उधनावालाले सांगी देस."

बादली नळाखाली भरून वाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं हेमकांत स्वतः आला. एका दिवसाची रजा टाकून. ते बिघडलेलं कापड पिशवीत घालून. कौसाबाई काठी टेकत दारापर्यंत गेली, त्याच्या तोंडाला हात लावला आणि तिथंच थांबली.

"हेमू, तुन्हा गाल कोठे गयात?"

"कोनता गाल?"

"काल सांजले ते व्हतात. गबदुल दिसे तू. एक रातमा काय व्हयनं तुले? जेवना नही का?"

"माय, मी जसा व्हतू तसाच शे."

"मी डोयातीन देखेल शे."

आबांना हे असलं ऐकवत नाही. त्यांनी गळ्यातला टेप काढला, लेकाला हात वर करायला लावले नि छाती मोजली. "चौतीस," ते म्हणाले. "लगीनना कोट शिवना तव्हयबी चौतीसच व्हती. तिळभर जाडा नही, तिळभर बारीक नही. बठ खाले, पानी पी."

दीपमाला टेबलाशी उभी होती. हातात बिघडलेलं कापड. कापडावर मोर किडकिडीत, काचेवर तेच मोर भरलेले. समोर नवरा किडकिडीत. आणि काल काचेवर तोच नवरा...

"आयका ना," ती हेमकांतला म्हणाली, "ओटावर जा नि माले व्हिडिओ करा."

"आते? मी आठेच शे ना."

"जा म्हनस ना."

तो तांब्या हातात घेऊन ओट्यावर गेला. कॉल लागला. पडद्यावर तांब्या घागरीसारखा आणि हेमकांत सरपंचासारखा दिसायला लागला.

"आबा, यासनं तोंड मोजा. उभं नि आडवं."

आबांनी काचेवर टेप धरला. उभं अकरा. आडवं बारा. त्यांनी पुन्हा मोजलं. मग ओट्यावर गेले, खऱ्या तोंडाला टेप लावला. उभं नऊ, आडवं साडेसहा. ते आत आले. टेप हातातच.

"कोनं तोंड उभापेक्षा आडवं ऱ्हास?" ते हळू आवाजात म्हणाले. "म्हैसनंबी नही ऱ्हात."

आबा खडू शोधल्यासारखे टेबल चाचपत राहिले. "मन्हा टेप खोटा नही," ते शेवटी म्हणाले.

"टेप खरा शे आबा. तुम्ही मोजी ऱ्हायनात तव्हय काच कपडा ओढी ऱ्हायनी."

हे मात्र आबांना लगेच समजलं. त्यांच्याकडं शिकायला येणाऱ्याला पहिल्या दिवशी ते हेच सांगतात, की मोजताना कापड ओढायचं नाही. ओढून मोजलेलं कापड सोडलं, की आखडतं. इथंही तसंच झालं होतं. जुना कॉम्प्युटर आपल्या सवयीच्या, कमी रुंद पडद्याच्या मापानं चित्र पाठवत होता आणि नवा मॉनिटर ते दोन्ही काठांपर्यंत दीडपट ओढून नेत होता. मोर जाड, हेमकांत जाड, अक्षरं जाड. अक्षरं मोठी दिसतात म्हणून आबा तर खूशच होते.

दीपमाला सेटिंगमधे घुसली. आता काय शोधायचं ते माहीत होतं. आकड्यांच्या जोड्यांची लांब यादी उघडली. तिनं एकेक जोडी निवडून पाहिली. एकदा पडदा काळा झाला, कौसाबाईनं देवाचं नाव घेतलं, पडदा परत आला. सगळ्यात लांब जोडी निवडली. पडदा मिटला, उघडला, आणि अक्षरं बारीक झाली. ओट्यावरचा हेमकांत बारीक झाला. मोर मधे गोळा होऊन अरुंद झाले. दोन्ही बाजूंना साडीचा उघडा भाग दिसायला लागला. जसा कापडावर होता, तस्सा.

"मोजा," ती म्हणाली.

"साडेतीनले थोडा कमी," आबा म्हणाले. आणि कोपऱ्यातल्या बारीक आकड्याकडं बघून एकदाच मान हलवली. त्यांच्याकडून तेवढीच माफी.

हेमकांत आत आला. "मंग आते जुनी नक्षी ओढीसन रुंद करी टाक ना. दोन मिनिटनं काम."

"टाका ओढात नहीत ना. टाका दूर दूर पडतीन, मझारनं कापड दिसी. नवीच करनी पडी."

"पहिलीले चार दिन लागनात तुले."

"माले माहीत शे कितला लागनात ते."

घड्याळात चार वाजलेले. उद्या एकला फाईल. दीपमालानं नवीन पान उघडलं आणि पहिला मोर डावीकडून घेतला. आता तिचा हात चालत होता, हे खरं. पडदा खरं बोलत होता, आकडा नि टेप एकमेकांशी जुळत होते, प्रत्येक टाका बसायचा तिथंच बसत होता. पण सहा वाजले तरी एकच मोर झाला. सात मोर, वर बुट्ट्या, खाली काठ. हिशेब जमेना.

आबा आपल्या अर्ध्या टेबलावर कुणाचा तरी झब्बा कापत होते. त्यांनी कापड घेतलं, मधोमध दुमडलं, खडूनं अर्ध्याच झब्ब्याची रेघ मारली आणि कातर चालवली. उघडलं तर दोन्ही बाजू सारख्या. दीपमालाचा माऊस थांबला.

"आबा, तुम्ही आरधंच आखतस."

"मंग काय दोनदा आखू? दोनदा आखं की एक खांदा वर, एक खांदा खाले. घडीवर काप, फरक पडत नही."

तिनं पडद्याच्या मधल्या लाल खुणेवर बोट ठेवलं. इथं घडी. डावी बाजू काढायची, आणि आरशातल्यासारखी उजवीकडं उलटवायची. सॉफ्टवेअरला ते एका बटणाचं काम. अर्धं काम, अर्धा वेळ.

"पन परवेजभाईना मोर सर्वा एकच बाजूले जातस," हेमकांत म्हणाला. "घडी करी ते आरधा इकडथीन येतीन, आरधा तिकडथीन. त्यासनी असं सांगेल नही."

"येऊ द्या. टक्कर व्हवाव नही."

"नि सात शेतस," आबा म्हणाले. "तीन इकडे, तीन तिकडे. मधलाना काय करशी? घडी त्यान्हा आंगवर पडस. आरधा कापशी त्याले?"

दीपमालानं त्या लाल खुणेवरून बोट खाली ओढलं. मग एकदम खुर्ची पुढं ओढली. "हां," ती म्हणाली. "आरधाच काढस."

तिनं खुणेला चिकटून अर्धी मान काढली, अर्धा तुरा, अर्धी छाती, एक पाय. आणि त्या अर्ध्या मोराच्या मागून पिसारा उलगडायला सुरुवात केली. एकेक पीस खुणेपासून बाहेर पंख्यासारखं. जेवायला उठली तेव्हा अर्धा पिसारा झाला होता. आबांनी खुर्ची ओढून पीस नि पीस मोजलं, आता आकड्यावर एक डोळा ठेवून.

सकाळी हेमकांत पहिल्या गाडीनं परत गेला. कौसाबाईनं या वेळी लाडवांचा डबा दिला, वर आणखी भाकरीला कळण्याचं पीठ. दीपमालानं पहाटे भाकरी थापून घेतल्या होत्या. दोन्ही पोरं शाळेत गेली आणि ती टेबलावर बसली. दहाला डावीकडचे तीन मोर झाले. अकराला काठ. बाराला बुट्ट्या. साडेबाराला तिनं सगळं निवडलं, उलटवण्याचं बटण दाबलं, आणि पडद्याच्या उजव्या अंगाला सगळी नक्षी एका झटक्यात उगवली.

आबा उभे राहिले. दगूबाईच्या हातातली सुपली तशीच राहिली.

या बाजूनं तीन मोर, त्या बाजूनं तीन. मधे सातवा समोर तोंड करून, पिसारा फुलवून उभा. साही त्याच्याकडं बघतायत. साडीच्या पन्ह्याएवढ्या पडद्यावर काठाला काठ लागलेला.

"मोजा आबा."

आबा टेप घेऊन निघाले, डाव्या काठापासून उजव्या काठापर्यंत. "पंचेचाळीस." कोपऱ्यातला आकडा वाचला. "अकराशे त्रेचाळीस. किती इंच व्हतस ते?"

"पंचेचाळीस."

"धाडी दे."

एकला सात मिनिटं कमी असताना फाईल गेली.

दोनला हेमकांतनं मशीनपुढं फोन टांगला आणि कॉल लावला. गल्लीतल्या बाया, आबा, खाटेवर कौसाबाई. मोठ्या पडद्यावर ताणलेलं गुलाबी कापड नि वर सुई. परवेजभाई आले, मशीनच्या पडद्यावर नक्षी बघितली, आणि आमच्या काचेतून त्यांचा आवाज आला. "हाई काय शे? मोर आमनेसामने? मी असं सांगेल नव्हतं."

दीपमाला पडद्याजवळ सरकली. "टाईम नव्हता परवेजभाई. घडीवर काढं."

"साडी लेनारी पार्टीले मी एकच बाजूना मोर दखाडेल शेतस. नि हाऊ मधला कोन?"

"नाची ऱ्हायना तो."

"ते माले दिसस." त्यांनी घड्याळ पाहिलं. दुसरं काही करायला वेळ नव्हता, त्यांनाही नाही. "चालू कर हेमकांत."

सुई सुटली. तीन तासांचं काम. बाया बसल्या त्या बसल्याच. काठ भरला. डावे मोर एकेक करून अंग भरत गेले आणि कुठंही कापड उघडं दिसलं नाही. कमलबाई गिरणीतून दळण घेऊन चाललेली, डबा डोक्यावर तसाच ठेवून अर्धा तास उभी राहिली. दीपमालाचं लक्ष मात्र मधे होतं. घडी पडते तिथं टाके एकमेकांवर चढले तर गुठळी होते. साडीच्या पाठीवर तिनं असल्या गुठळ्या शेकड्यानं पाहिल्या होत्या. सुई मधल्या मोराच्या छातीवर आली. ती उभी राहिली. सुई खुणेवरून गेली, परत आली, गेली. गुठळी नाही. मग पिसारा. हिरवा दोरा, मग निळा. पीस डावीकडं, पीस उजवीकडं.

पाच वाजायला थोडा वेळ असताना सुई थांबली. हेमकांतनं कापड उतरवून आधी उलटं केलं, मागची बाजू फोनपुढं धरली. ती काय बघणार हे त्याला माहीत होतं. मागं धागे मोजके, लोंबणारे जवळजवळ नाहीत. मग सुलटं.

परवेजभाई पुढं आले. कापड उचललं नि फोनच्या बाहेर निघून गेले.

"कोठे गयात?" दीपमालानं विचारलं.

"पार्टी ऑफिसमा बठेल शे," हेमकांत म्हणाला. "दखाडाले लई गयात."

पडद्यावर नुसतं रिकामं मशीन. दगूबाई म्हणाली, "नको म्हनतीन ते साडी माले दे वं, मन्ही नातले व्हई." पंधरा मिनिटं गेली. मोठ्या लॉटचे गठ्ठे घेऊन गडी आत आले. एकानं हेमकांतला बाजूला सारून मशीनवर दोरे बदलायला घेतले.

परवेजभाई आले. फोन हातात घेतला, त्यांचं तोंड पडद्यावर पुढं आलं.

"भाभी."

"बोला."

"एक बाजूना मोर आते नको म्हनस पार्टी. हाईच पाहिजे. नि मधला एकटा ब्लाउजना पाठवर मांगस, मोठा करीसन. चार रंगमा. उधनावालाले मी 'नको' म्हनी सांगी दिधं. समदी सराई तुमनी. ब्लाउज माले सकाय पाहिजे."

घरात नि ओट्यावर गलका उठला. आबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, कारण सून अजून बोलली नव्हती.

"सकाय नही भेटाव," दीपमाला म्हणाली. "मोठा कराना ते टाका पहिलेपासून टाकना पडतस. परवादिन चार वाजाले देस."

"भाभी, पार्टी घाई करी ऱ्हायनी."

"घाईमा पहिला सॅम्पलना मोर देखात ना तुम्ही."

पलीकडं परवेजभाई हसले. "परवादिन चार," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दीपमालानं नवीन पान उघडलं, खुर्ची पुढं घेतली आणि बायांना म्हणाली, "उठा वं आते. उजेड अडी ऱ्हायना माले."